सेल्फ-डायरेक्टेड आयआरएमधून भाड्याचं घर घ्यावं का?

तुमचा बेत असा दिसतो: जुन्या नोकरीतलं ४०१(के) (कंपनीतर्फे चालणारं निवृत्तीचं खातं) सेल्फ-डायरेक्टेड आयआरएत (स्वतःचं निवृत्तीचं खातं, ज्यात घरासारखी गुंतवणूकही आपणच निवडतो) वळवायचं, त्यातून ओहायोत घर घ्यायचं, मुलगा तिथे कॉलेजला गेला की त्याला एक खोली द्यायची आणि किरकोळ दुरुस्त्या स्वतः करायच्या. खात्यात सोनं ठेवता येईल का, असंही विचारलंत.

घर घेता येतं. मुलगा आणि दुरुस्त्या, दोन्ही विसरा.

घर तुमच्या नावावर होतच नाही. खरेदीखतावर कस्टोडियनचं, म्हणजे खातं सांभाळणाऱ्या कंपनीचं, नाव लागतं, ‘अमक्याच्या आयआरएकरिता’ असं. तुम्ही, बायको, आईवडील, मुलं, सुना-जावई यांपैकी कुणीही तिथे राहायचं नाही, बाजारभावाने भाडं भरून सुद्धा नाही. (सख्खा भाऊ मात्र या यादीत नाही!) मुलगा एक सेमिस्टर जरी राहिला, तरी ते अख्खं खातं तुम्ही त्या वर्षीच्या १ जानेवारीलाच काढून घेतलं असं धरतात. ट्रॅडिशनल खातं (ज्यात टॅक्स पैसे काढताना लागतो) असेल तर सगळ्या रकमेवर टॅक्स, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर बहुधा वर १० टक्के दंड.

माझ्या खात्यात असं एक घर आहे. ऐन थंडीत वॉटर हीटर गेला, प्लंबरला पैसे लगेच हवे होते. क्रेडिट कार्ड खिशात, पण वापरायची सोय नाही, कारण घराचा खर्च खात्यातूनच व्हावा लागतो. बिल कस्टोडियनला पाठवा, फॉर्म भरा, मग खात्यातून चेक निघणार. भाडेकरू बिचारे तोवर गार पाण्यात. आता मॅनेजमेंट कंपनीकडे खात्यातूनच थोडी रक्कम आगाऊ दिलेली असते.

म्हणून खात्यात जेमतेम घराच्या किमतीएवढेच पैसे असतील तर नाद सोडा. छप्पर गळलं तर पदरचे पैसे घालता येत नाहीत, आणि आयआरएत वर्षाला भरता येतात ७,५०० डॉलर (२०२६ साली, पन्नाशीपासून ८,६००). कर्ज काढाल तर ते नॉन-रिकोर्सच (बुडालं तर बँक फक्त घर घेऊ शकते, तुमच्याकडून वसुली नाही) लागतं, शिवाय कर्जाच्या हिश्श्याच्या उत्पन्नावर आयआरएलाच टॅक्स बसतो. तुमच्या रिटर्नमध्ये घसाऱ्याची वजावट मिळत नाही. घर विकून झालेला नफाही ट्रॅडिशनल खात्यातून काढताना पगारासारखा धरला जातो, कॅपिटल गेनचा कमी दर विसरायचा. अशी खाती विकायला सेमिनार घेणारे हे भरभर उरकतात. आणि कस्टोडियन फक्त कागद सांभाळतो. सौदा चांगला की बुडीत, हे तो बघत नाही.

सोन्याचं विचारलंत. दागिने चालत नाहीत. अमेरिकन ईगल (अमेरिकी सरकारची सोन्याची) नाणी चालतात, पण घरच्या तिजोरीत ठेवायची नाहीत. २०२१ साली टॅक्स कोर्टाने तशी घरी ठेवलेली नाणी म्हणजे खात्यातून काढलेले पैसेच, असा निकाल दिलाय.

मुलाला खोली द्यायचीच असेल, तर ते घर आयआरएबाहेरच्या पैशातून घ्या.