व्हेरिएबल पॉवर सप्लाय घरी बनवू की तयार घेऊ?

तुम्ही विचारलंय की आर्डुइनो (कोड लिहून चालवायचा छोटा बोर्ड), एलईडीच्या पट्ट्या आणि छोट्या मोटरींसाठी व्हेरिएबल, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा डीसी सप्लाय हवाय, तर तो एलएम३१७ ही व्होल्टेज स्थिर राखणारी आयसी वापरून घरी बनवावा का विकत आणावा. मी दोन्ही करून बसलोय. पैसे वाचवायला बनवत असाल तर नका बनवू. ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक (आयसीची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा), डबा आणि मीटर यांचीच बेरीज तुम्हाला दुकानात नेऊन सोडते. शिकायला बनवत असाल तर जरूर बनवा.

एलएम३१७चं सर्किट कागदावर फारच गोड दिसतं. आऊटपुट आणि अ‍ॅडजस्ट या दोन पायांमध्ये ही आयसी कायम १.२५ व्होल्ट राखते. तिथे २४० ओहमचा रेझिस्टर आणि अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडपर्यंत ५ किलोओहमचा पॉट (नॉबने बदलता येणारा रेझिस्टर) लावला, की हिशेबाने १.२५ ते २७ व्होल्ट मिळायला हवेत. शून्य मिळत नाही, आणि इनपुट आऊटपुटपेक्षा दोन-तीन व्होल्ट जास्त लागतं.

खरी गंमत उष्णतेची. माझा ट्रान्सफॉर्मर १५ व्होल्ट, १ अँपिअरचा होता. ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) आणि २२०० मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरनंतर तिथे साधारण २० व्होल्ट डीसी येतो. त्यातून ५ व्होल्टला १ अँपिअर घ्यायचा, तर उरलेले १५ व्होल्ट आयसीच्या डोक्यावर, म्हणजे १५ वॅट. घरातलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, यावरून अंदाज घ्या. हीटसिंक लहान असेल तर आयसी स्वतःला वाचवायला आऊटपुट पाडते आणि आपण कोडमधला बग शोधत बसतो. ट्रान्सफॉर्मरवर १ अँपिअर लिहिलेलं असलं तरी कपॅसिटरनंतर त्यातून सतत ०.६ अँपिअरच्या आसपासच काढावा. आणि आयसीचा पत्रा ग्राउंडला नाही, आऊटपुटला जोडलेला असतो. अभ्रकाचा तुकडा न घालता डब्याला कसलात तर डबाच आऊटपुट होतो.

माझा आर्डुइनो नॅनो बोर्ड मात्र पॉटने खाल्ला. जुना, खरखरणारा पॉट होता. नॉब फिरवताना आतला संपर्क क्षणभर सुटला, अ‍ॅडजस्टचा ग्राउंडशी संबंध तुटला आणि ५ व्होल्टच्या जागी कमाल व्होल्टेज गेलं. धूरही आला नाही. बोर्ड नुसता गप्प झाला.

त्यानंतर कळलं की नॉबपेक्षा करंट लिमिट, म्हणजे सप्लायने जास्तीत जास्त किती करंट द्यायचा ती मर्यादा, महत्त्वाची. नवं सर्किट ५० मिलिअँपिअर खाणार असेल तर मर्यादा १०० वर ठेवायची. काही उलटं जोडलं गेलं तरी व्होल्टेज कोसळतं आणि पार्ट बहुतेक वेळा वाचतो. नुसत्या एलएम३१७ला अशी ठरवता येणारी मर्यादा नसते.

म्हणून तुमच्या कामाला माझा सल्ला: घरात पडलेला १९ व्होल्ट, ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर घ्या आणि त्याच्यापुढे एक्सएल४०१५चं सीसी-सीव्ही बक मॉड्यूल लावा, म्हणजे व्होल्टेज खाली आणणारा आणि व्होल्टेज व करंट दोन्हींची मर्यादा ठरवता येणारा तयार बोर्ड. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन मागवा. एलएम२५९६चं एकाच ट्रिमरचं (स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या पॉटचं) स्वस्त मॉड्यूल घेऊ नका, त्यात करंटची मर्यादा ठरवता येत नाही. आधी व्होल्टेज लावा, मग मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून आऊटपुट त्यातूनच शॉर्ट करा आणि दुसरा ट्रिमर फिरवून मर्यादा ठरवा. यात २३० व्होल्टच्या वायरीला हात लावावा लागत नाही, हे मला सगळ्यात आवडतं.

एक खोच आहे. या मॉड्यूलमध्ये करंट मोजणारा रेझिस्टर सहसा इनपुट आणि आऊटपुटच्या मायनसमध्ये असतो. तीन पिनांच्या चार्जरचा मायनस बऱ्याचदा अर्थिंगला जोडलेला असतो. त्यातच बोर्ड यूएसबीने डेस्कटॉपला लावलात, की दोन्ही मायनस अर्थिंगमधून एक होऊ शकतात, करंट त्या रेझिस्टरला वळसा घालतो आणि मर्यादेवर भरवसा राहत नाही. रेडिओ किंवा ऑडिओच्या कामात बकचा आवाज येतो. तिथे त्याच्यापुढे एलएम३१७ लावा, थोडेच व्होल्ट पाडायचे असल्याने ती फारशी तापत नाही.

१९ व्होल्टच्या चार्जरमधून बकनंतर साधारण १७ व्होल्टपर्यंतच धरा; त्याच्या वर खरंच लागणार असेल तर सरळ ० ते ३० व्होल्टचा तयार सप्लाय घ्या. दुकानदाराला मर्यादा अर्ध्या अँपिअरवर ठेवून आऊटपुटच्या दोन्ही वायरी एकमेकांना टेकवून दाखवायला सांगा. आकडा तिथेच थांबला पाहिजे. टेकवायला तो का-कू करू लागला तर पुढच्या दुकानात जा.