ड्रेडलॉक्स (केस गुंतवून केलेल्या जटा, थोडक्यात लॉक्स) ठेवल्यावर केस धुवायचे की नाही? धुवायचे तर किती दिवसांनी?

धुवायचेच! न धुतल्याने लॉक्स लवकर जमतात, हा गैरसमज आहे. तेलकट केस एकमेकांवरून निसटतात, स्वच्छ केस घट्ट गुंततात.

साधारण आठवड्यातून एकदा धुवा. अगदी नवे असतील तर दोन आठवड्यांनी धुतले तरी चालतं. शाम्पू पाण्यात पातळ करून फक्त टाळूला लावा आणि बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही. लॉक्स वेगळे घासू नका, खाली ओघळणारा फेस त्यांना पुरतो. मग भरपूर पाण्याने धुवा, कारण आत अडकलेला साबण सहज निघत नाही.

खरी काळजी वाळवताना घ्यायची असते. लॉक्स बाहेरून कोरडे वाटतात, पण गाभ्यात ओल राहते आणि कुबट वास येऊ लागतो, कधी बुरशीही धरते. म्हणून सकाळी धुवा, एकेक लॉक टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, जाड असतील तर कोमट हवेचा ड्रायर फिरवा. ओल्या केसांनी झोपू नका.

मेण आणि घट्ट क्रीम टाळा. मुळं सारखी पिळून घट्ट करू नका, ताणाने तिथले केस विरळ होतात.