आयर्लंडच्या आधुनिक इतिहासावर मराठीत ई-बुक काढायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय, 1845 च्या दुष्काळापासून 1998 च्या उत्तर आयर्लंडमधल्या शांतता करारापर्यंतचा सगळा आयर्लंड एका ई-बुकात बसेल का. बसेल हो, पण वाचक शेवटापर्यंत पोचणार नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात दीडशे वर्षं होती आणि लक्षात राहील असा माणूस एकही नव्हता. तो बाजूला ठेवला आणि डब्लिनमधली एकच इमारत धरली: न्यायालयांची 'फोर कोर्ट्स'.

आयर्लंडला साम्राज्यातच ठेवून स्वराज्य देणारा, इंग्रजांशी झालेला तह मान्य नसलेल्या आयरिश क्रांतिकारकांनी एप्रिल 1922 मध्ये ती ताब्यात घेतली. 28 जूनला तहाच्या बाजूच्या मायकेल कॉलिन्सच्या हंगामी आयरिश सरकारने तिच्यावर तोफा डागल्या, त्याही ब्रिटिशांकडून मागून आणलेल्या. वर्षभरापूर्वी दोन्ही बाजूंची हीच माणसं इंग्रजांविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढली होती! 30 जूनला मोठा स्फोट झाला, आवारातला सरकारी दप्तरखाना पेटला, आणि कित्येक शतकांच्या कागदांचे जळके तुकडे शहरभर उडत राहिले. दोन महिन्यांच्या आत कॉलिन्सही कॉर्क परगण्यात दबा धरून केलेल्या हल्ल्यात मारला गेला. तह, फाळणी, यादवी असं सगळं त्या एका इमारतीच्या निमित्ताने सांगता येतं.

साधनांची चिंता नको. 1947 ते 1957 या काळात तिथल्या सरकारने जुन्या क्रांतिकारकांच्या 1,773 जबान्या नोंदवल्या, 2003 पर्यंत त्या कुलपात होत्या, आता ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात. ई-बुकचा खरा फायदा इथेच आहे. टीपेवर बोट ठेवलं की वाचक थेट मूळ जबानीवर. छापील पुस्तकात हे कसं जमणार? मात्र या जबान्या 1921 च्या युद्धबंदीपाशी थांबतात. यादवीसाठी सैनिकांच्या पेन्शनचे अर्ज बघा, तेही ऑनलाइन आहेत. अर्जदार आपला पराक्रम थोडा फुगवणारच (आपल्याकडची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन आठवा), म्हणून एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या अर्जाशी ताडून घ्या.

टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली तीही एप्रिल 1916 मध्येच, म्हणजे डब्लिनच्या उठावाच्या महिन्यात, आणि 'होमरूल' हा शब्द मुळात आयर्लंडचाच. प्रस्तावनेत याच्या दोन ओळी पुरेत, ओढूनताणून प्रकरण करू नका.

आता फाइलचं. मजकूर श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टाइप केला असेल तर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं तुटतात, एकदा डोळ्यांखालून घालाच. फोटो मोजके ठेवा. किंडलवर 70 टक्के रॉयल्टीचा पर्याय घेतला तर फाइल जितकी जड तितकं डिलिव्हरी शुल्क कापलं जातं.

आणि नावांची यादी पहिल्याच दिवशी करा. आयरिश स्वातंत्र्यवादी पक्षाचं नाव मी कुठे 'सिन फेन' लिहिलं होतं, कुठे 'शिन फेन' (उच्चार 'शिन' आहे). एका वाचकाने ई-बुकात त्या नावाचा शोध घेतला, तर पक्षाची स्थापना 1918 च्या निवडणुकीनंतर झाली असा त्याचा समज झाला, कारण आधीची सगळी प्रकरणं दुसऱ्या स्पेलिंगमध्ये होती.