वाचकांचे प्रश्न : जोडायचं-सोडायचं लाकडी स्टेज

प्रश्न : दादा नमस्कार. आमच्या शाळेत हॉल एकच, त्यातच परीक्षा, त्यातच खेळ आणि त्यातच नाटक. दरवेळी स्टेज भाड्याने आणतो, त्यात सगळे पैसे जातात. आता ठरवलंय की स्वतःच बनवायचं, १६ बाय १२ फूट, दीड फूट उंच, कार्यक्रम झाला की सोडून भिंतीला लावून ठेवता येईल असं. पालकांपैकी दोघांना करवत आणि ड्रिल चांगलं चालवता येतं. १२ एमएमचा प्लाय घेतला तर चालेल का? आणि सुरुवात कुठून करू? (एक शिक्षिका)

उत्तर : ताई, आधी प्लायचं सांगतो कारण तिथेच सगळे पैसे वाचवायला जातात आणि तिथेच फसतात. १२ एमएम नको, १८ घ्या. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे १२ चा दीडपट १८, पण ताठपणा दीडपट नाही, जवळपास ३.४ पट. १२ एमएमवर मूल उडी मारतं तेव्हा प्लाय झोक्यासारखा खाली जातो आणि चार-सहा कार्यक्रमांत स्क्रूभोवतीचं लाकूड ढिलं पडतं. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ स्वस्त मिळतंय म्हणून कोणी गळ्यात मारेल, ते तर अजिबात नको, त्याच्या कडेत स्क्रू धरत नाही आणि पाणी लागलं की फुगतं.

आता आकार. ८ बाय ४ ची अख्खी शीट वापरून मोठ्या लेव्हल (नाटकवाले प्लॅटफॉर्मला लेव्हलच म्हणतात) करायचा मोह होतो, कापाकापी कमी. पण चौकटीसकट ती ५० किलोच्या पुढे जाते आणि शाळेत ती उचलणार कोण? ४ बाय ४ ची करा. ती २५ ते ३० किलोंत बसते, दोन माणसं आरामात नेतात. तुमच्या मापाला अशा १२ लेव्हल लागतील, म्हणजे ६ शीट.

इथे एक बारीक गोष्ट आहे. शीट मधोमध कापताना करवतीचं पातं साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) लाकूड खातं. म्हणजे दोन्ही तुकडे एका बाजूने पूर्ण ४ फूट आणि दुसऱ्या बाजूने अर्धं सूत कमी. एका लेव्हलला हे दिसतही नाही, पण बारा लेव्हल शेजारी लावल्या आणि त्यातल्या काही फिरवून लावल्या की रांगेच्या शेवटी फट पडते किंवा भोकं जुळत नाहीत. म्हणून सगळे तुकडे दोन्ही बाजूंनी ४ फुटाला एक सूत कमी अशा एकाच मापाला आणा आणि चौकट त्याहून केसभर लहान ठेवा. मग कुठलीही लेव्हल कुठेही, कशीही फिरवून बसते, आणि मॉड्युलर म्हणतात ते यालाच. कापायच्या आधी पेन्सिलीने प्रत्येक अर्ध्या तुकड्यावर वरच्या थराच्या रेषांची दिशा बाणाने काढून ठेवा, कारण कापल्यावर दोन्ही बाजू सारख्याच वाटतात. ह्या रेषा आतल्या दांड्यांना आडव्या जायला हव्यात, प्लाय त्या दिशेने जास्त ताठ असतो.

चौकटीला चार बाय दोन इंची वाळलेलं लाकूड घ्या, उभं लावा, आडवं नाही. तेच लाकूड उभं लावलं की आडव्यापेक्षा निदान चौपट ताठ होतं, फुकटात. रंधा मारून आलेलं असेल तर ते भरतं साडेतीन बाय दीड, म्हणून नावावर जाऊ नका, स्वतः मोजा. बाहेरचे चार आणि मध्ये दोन दांड्या, सोळा-सोळा इंचांवर. मध्ये एकच दांडी टाकली तरी वजन पेलतं, पण नाचणाऱ्याच्या टाचेखाली लवतं, आणि पोरं नाचणारच, तेव्हा तिथे कंजुषी नको. चौकट जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले की गुण्या बरोबर, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत, नाही आले तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोडीने हलकेच ठोकून सारखे करा आणि मगच प्लाय बसवा. गोंद आणि स्क्रू दोन्ही, कडेला दर सहा इंचांवर आणि मधल्या दांड्यांवर दर आठ-दहा इंचांवर, स्क्रूचं डोकं लाकडाच्या किंचित खाली. खिळे नकोत, थरथरीने ते वर येतात आणि अनवाणी पायाला लागतात.

आणि आता पाय. ताई, या सगळ्यातलं खरं काम हेच आहे, म्हणून इथे जरा लांबण लावतो. नुसत्या उभ्या वजनाखाली अशी स्टेजं फार क्वचित मोडतात, ती पडतात आडवं हलून. पंधरा मुलं एका तालात एका बाजूला गेली की अख्खं स्टेज त्या बाजूला ढकललं जातं, पाय कलतात, एकदा कलले की वरचं वजनच त्यांना आणखी पाडतं. तेव्हा पैसे आणि वेळ कुठे घालवायचा असेल तर पायात आणि जोडात घालवा.

प्रत्येक पाय दोन तुकड्यांचा करा, एक आखूड आणि एक लांब, एकमेकांना गोंद-स्क्रूने जोडलेले. आखुडाचं डोकं चौकटीच्या दांडीच्या बरोबर खाली टेकतं, म्हणजे वजन लाकडावरून लाकडावर उतरतं. लांब तुकडा चौकटीच्या आत शिरतो आणि तिथे तो १० एमएमच्या दोन बोल्टांनी धरायचा, मोठे वाशर लावून. बोल्टांचं काम पाय जागेवर ठेवायचं, वजन पेलायचं नाही. बरेच जण नुसता एक तुकडा आतून बोल्ट करतात, सुरुवातीला टणक वाटतं, मग दर कार्यक्रमाला बोल्ट भोक दाबत जातो, भोक लांबट होतं आणि एक पाय दोन सूत खाली बसतो. हिशोब सोपा आहे. दीड फूट म्हणजे १८ इंच, त्यातून प्लायचा पाऊण इंच आणि चौकटीचे साडेतीन गेले, राहिले पावणेचौदा, हा आखूड तुकडा. लांब तुकडा त्याहून साडेतीनने मोठा, म्हणजे सव्वासतरा, पण तो एक सूत कमीच कापा म्हणजे तो प्लायला खालून ढोसणार नाही. अठ्ठेचाळीस पाय आहेत, एकेक मोजून कापू नका, करवतीला एक ठोकळा अडवण म्हणून लावा आणि सगळे त्याला टेकवून कापा. दोन्ही बोल्ट उभ्या रेषेत एकाखाली एक नकोत, थोडे तिरके ठेवा, नाहीतर लाकूड रेषेवर चिरतं.

प्रत्येक लेव्हलला दोन्ही दिशांनी तिरपी पट्टी हवी, पायाच्या खालच्या टोकापासून चौकटीपर्यंत, साधारण ४५ अंशांत. बारा लेव्हल एकत्र बोल्ट केल्यावर आतल्या लेव्हलना पट्टी नसली तरी चालते असं म्हणतात, आणि ते चूक नाही, पण उद्या कोणीतरी त्यातल्या तीनच लेव्हल काढून कोपऱ्यात छोटं स्टेज मांडणार आणि नेमक्या बिनपट्टीच्या निघणार. मी तरी सगळ्यांना लावतो.

शेजारच्या लेव्हल जोडायला प्रत्येक बाजूला दोन भोकं, कोपऱ्यापासून आठ-आठ इंचांवर. ही भोकं मोजून पाडू नका, प्लायच्या तुकड्याचा एक साचा करा आणि तोच सगळीकडे धरा. आमच्या ग्रुपच्या पहिल्या सेटला आम्ही प्रत्येक भोक टेपने मोजून पाडलं होतं, तेही चौकटीच्या खालच्या कडेपासून. प्रयोगाच्या दिवशी दुपारी चार वाजता निम्मे बोल्ट जाईनात, जे गेले तिथे दोन लेव्हलच्या मध्ये दोन एमएमची पायरी, आणि तेवढ्या पायरीला ठेच लागून आमची एक मुलगी तालमीतच गुडघ्यावर पडली. तेव्हापासून साचा, आणि माप नेहमी वरच्या पृष्ठभागापासून, कारण पाय तिथे पडतो. पायाच्या बोल्टाचं भोक घट्ट १० एमएमचं, पण लेव्हल जोडायचं भोक १२ किंवा १३ चं ठेवा, थोडी हालचाल असली की जुळवताना बोल्ट पटकन जातो.

प्रश्न : लोडिंगची जुनी लाकडी पॅलेट फुकट मिळतायत. त्यावर प्लाय ठोकला तर?

उत्तर : अर्धा फूट उंचीचा, एक दिवसाचा, एका माणसाने बसून गायचा कार्यक्रम असेल तर करा, पण प्रत्येक पॅलेट उलटी करून मोडक्या पट्ट्या आणि वर आलेले खिळे बघून घ्या. नाचाला नको. पॅलेट बनते ती पसरलेलं, न हलणारं वजन पेलायला, आणि दोन पॅलेटची उंचीही हमखास वेगळी निघते. त्यावरचा शिक्का बघा, एचटी म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेली, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने. एमबीवाली मुलांच्या जवळ आणू नका.

प्रश्न : आमचं स्टेज मजबूत आहे पण चालताना करकरतं आणि पावलांचा ढोलासारखा आवाज येतो. हळू आवाजातला प्रसंग असला की संवादच ऐकू येत नाहीत. काय करू?

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत. करकर म्हणजे लाकडावर लाकूड घासतंय किंवा स्क्रू भोकात हलतोय. एकाला वर हळूहळू चालायला सांगा आणि तुम्ही खाली आडवे होऊन चौकटीला हात लावून राहा, जिथे करकरतं तिथे बोटांना कळतं. बहुतेक वेळा प्लाय आणि मधली दांडी यांच्यात गोंद नसतो. तेवढे स्क्रू काढा, फटीत गोंद भरा, आणि नवीन स्क्रू जुन्या भोकात न लावता एक इंच बाजूला लावा. दोन लेव्हल एकमेकींना घासत असतील तर चौकटीच्या बाहेरून नमद्याची किंवा पातळ रबराची पट्टी चिकटवा, पण मग सगळ्याच लेव्हलना चिकटवा, नाहीतर माप बदलतं.

ढोलाचा आवाज येतो कारण प्लाय कातड्यासारखा कंप पावतो आणि खालची पोकळी तो घुमवते. त्यामुळे प्लाय जड करायचा आणि पोकळी भरायची. जुनी सतरंजी किंवा कार्पेटचे तुकडे प्लायच्या खालच्या बाजूला गोंद आणि स्टेपलने लावा, सैल लोंबता ठेवू नका. पायांखाली रबराचे तुकडे, म्हणजे आवाज जमिनीत उतरत नाही. वरून कार्पेट घातलं तर आवाज खूप मरतो, पण नाचणाऱ्यांचा पाय त्यावर अडकतो, तेव्हा नाटकाला घाला आणि नाचाला काढा. रंग मॅट लावा. चकचकीत पॉलिशवर मोजे घातलेला पाय सरकतो आणि वरचे लाइट प्रेक्षकांच्या डोळ्यांत चमकतात.

प्रश्न : स्टेज किती उंच करावं? मागच्या रांगेला दिसत नाही म्हणून आमची कमिटी ४ फूट म्हणते.

उत्तर : सपाट जमिनीवर खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे साधारण ११० ते १२० सेंटीमीटरवर असतात, म्हणजे पावणेचार-चार फूट. स्टेज तेवढं उंच केलं की पहिल्या रांगेला नाचणाऱ्यांचे पायच दिसत नाहीत. दीड ते अडीच फूट बहुतेक हॉलना पुरतं, मागच्यांसाठी एक सोडून एक रांगेतल्या खुर्च्या अर्ध्या खुर्चीने बाजूला सरकवून लावल्या तरी खूप फरक पडतो. आणि दुसरी गोष्ट, उंची वाढली की आडवा धक्का पायांना जास्त लिव्हरने बसतो. दोन फुटांपर्यंत वर सांगितलेल्या पद्धतीने स्वतः करा, तीन फुटांच्या पुढे जायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला कागदावर दाखवा, मग मागे आणि बाजूला कठडाही लागेल. पायऱ्या विसरू नका, सगळ्या सारख्या उंचीच्या, सहा-सात इंचांच्या. अंधारात पाय मोजून पडतो, एक पायरी जरी वेगळी असली तरी माणूस तिथेच कोलमडतो.

प्रश्न : बनवून झालं. आता मुलांना चढवायच्या आधी खात्री कशी करायची? (पहिल्याच शिक्षिकाताईंची पुन्हा चिठ्ठी)

उत्तर : छान झालं ताई. स्टेजसाठी हिशोब धरतात तो दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन किंवा त्याहून जास्त, म्हणजे साधारण ५०० किलो, तुमच्या एका लेव्हलला साडेसातशेच्या आसपास. वर सांगितल्याप्रमाणे लाकूड धडधाकट, बिनगाठीचं वापरलं असेल तर उभ्या वजनाची मला काळजी नाही. आडवं तपासा. आधी पाणसळ ठेवून सगळे पाय टेकलेत का बघा, जिथे फट असेल तिथे पातळ प्लायची चकती सारा आणि ती स्क्रूने पायाला पक्की करा, सुटी ठेवलीत तर नाचात निसटते. मग दोन मोठ्या माणसांनी एका कोपऱ्याला खांदा लावून जोर द्यायचा, चारही बाजूंनी. स्टेज सरकलं तर चालेल, कललं तर नाही. मग सात-आठ मोठ्या माणसांनी वर चढून एका तालात डावीकडे-उजवीकडे झुलायचं, त्यावेळी एकाने बाजूला बसून फक्त पायांकडे बघायचं. कुठला पाय डोळ्याला दिसेल इतका हलला तर तिथली तिरपी पट्टी किंवा बोल्ट ढिला आहे. मुलं त्यानंतर.

पहिल्या महिन्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, लाकूड आणखी वाळून आकसतं आणि नट सैल पडतात, आणि पुढे दर कार्यक्रमाआधी पाना फिरवायचं काम एकाच माणसाकडे द्या, सगळ्यांकडे दिलं की कोणीच करत नाही. ठेवताना पाय सोडून लेव्हल कडेवर उभ्या ठेवा, जमिनीपासून दोन पट्ट्यांवर उचललेल्या, म्हणजे ओल लागत नाही. पायांवर आणि लेव्हलवर खालून नंबर टाका. बोल्ट, नट, वाशर एका झाकणाच्या डब्यात आणि त्याच डब्यात पाना आणि चार-सहा जादा नट.