रीलोडिंग प्रेसच्या केस फीडरमधून पुंगळ्या उलट्या पडतात, सेटिंग नेमकं कुठून सुरू करायचं?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासला असता, क्लबात पिस्तूल नेमबाजी करता, घरच्या प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (हँडलच्या दर ओढीला एक काडतूस भरून देणारं यंत्र) नवीनच इलेक्ट्रिक केस फीडर (वरच्या भांड्यातून रिकाम्या पुंगळ्या आपोआप खाली सोडणारा) बसवलाय आणि नऊ एमएमच्या पंधरा-वीस पुंगळ्यांमागे एखादी तोंड खाली करून येतेच, काही शेलप्लेटमध्ये (खाली पुंगळ्या धरून ठेवणारी खाचांची चकती) अर्ध्याच शिरतात, आणि मोटर कधी थांबते कधी थांबत नाही. तीन दिवस वरचं भांडं खोलून बसलाय असंही लिहिलंय, म्हणून हे उत्तर लिहायला घेतलं, कारण मी पण तेच केलं होतं.

मी वेंगुर्ल्याचा, ट्रेडने फिटर. आठ वर्षं ह्यूस्टनला मशीन शॉपमध्ये होतो, तिथला एक सहकारी स्पर्धेत नेमबाजी करायचा आणि त्याच्या गॅरेजमधला प्रेस बिघडला की मला हाक मारायचा, तसा हात बसला. आता गावी काजूचं छोटं युनिट आहे. इथे कुणी वाचत असेल तर आधीच सांगतो, आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे हे सगळं तिथल्या माणसासाठी, इथे कुणी करून बघू नका.

माझे वडील पाणपंप दुरुस्त करायचे. पंप पाणी ओढत नाही म्हणून मी मोटर खोलायला घेतली की म्हणायचे, "वयर काय बघतंस, सकल बघ." वर काय बघतोस, खाली बघ. फूटव्हॉल्व्ह आधी, मोटर शेवटी. केस फीडरला हे शंभर टक्के लागू आहे. वरचं भांडं गोल फिरतं, आवाज करतं, म्हणून नजर तिथेच जाते, पण खाली पुंगळी जागेवर नीट बसत नसेल तर वर कितीही सेटिंग करा, उपयोग नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे फीडरचा प्लग काढा, प्रायमर (ठिणगी देणारी टिकली) आणि पावडर दोन्ही बाजूला ठेवा, बाक एकदम रिकामं. आता एकच पुंगळी हाताने भांड्यातून खाली येणाऱ्या नळीत सोडा आणि हँडल अगदी सावकाश ओढा. हँडलच्या चालीबरोबर एक सरकपट्टी पुढे येते आणि पुंगळीला शेलप्लेटच्या खाचेत ढकलते, ती किती पुढे येईल हे काही प्रेसवर कॅमवर ठरतं आणि काहींवर व्ही आकाराच्या ठोकळ्यावर. पुंगळीच्या बुडाची कड काळ्या मार्करने रंगवा. सरकपट्टीने ढकलल्यावर पुंगळी काढून बघा, रंग कुठे खरवडला गेलाय ते दिसेल. एकाच बाजूला खरवडला असेल तर ती तिरकी शिरतेय, म्हणजे पट्टी कमी येतेय किंवा ठोकळा मध्यावर नाही. पट्टी जास्त येत असेल तर पुंगळी खाचेत जाऊन मागच्या बाजूला दाबली जाते आणि तिचं तोंड हलकंसं एका बाजूला झुकतं, ते बाजूने डोळा लावून बघितलं की कळतं. स्क्रू सैल करून थोडं थोडं सरकवा, एका वेळी पाव आटा, त्याच्या वर नाही, आणि दर वेळी दहा पुंगळ्या हाताने घालून बघा. दहाच्या दहा टक्क करून बसल्या की मगच पुढे. माझा इथे पूर्ण एक तास गेला होता पण त्यानंतर त्या जागेला परत पान्हा लावावा लागला नाही.

मग नळी. नळी दिसते सरळ, असते वाकडी. दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा, दोन बाजूंनी बघा. स्टँड बाकावर आणि बाक हलतं असेल तर हँडलच्या प्रत्येक झटक्याबरोबर वरचं भांडं डुलतं, मग पुंगळी नळीच्या तोंडाशी पोचते तेव्हा ते तोंड तिथे नसतंच! बाक भिंतीला बोल्टने धरा. माझ्या मते निम्म्या तक्रारी एवढ्यानेच जातात, पण लोक हे शेवटी करतात.

आता उलट्या पडण्याचं. यामागचं कारण समजलं की हात आपोआप योग्य ठिकाणी जातो. पुंगळीचं बूड भरीव पितळेचं, तोंडाकडे पत्रा पातळ, म्हणजे वजन बुडाकडे. वरच्या भांड्यातल्या फिरत्या प्लेटच्या खाचेतली पुंगळी पडायच्या जागी येते तेव्हा ती मधोमध एका टेकूवर येते आणि जड बाजू आधी खाली जाते, म्हणून बूड खाली तोंड वर, मग ती आली कशीही असो. रायफलची पुंगळी लांब असते, तिचा हा तोल ठळक असतो, .२२३ सहसा चुकत नाही. नऊ एमएमची मात्र जेमतेम १९ मिलिमीटर लांब आणि जाडी जवळजवळ १० मिलिमीटर, म्हणजे बुटकी, तिचा तोल थोडक्यात जातो. त्यामुळे प्लेटचा वेग जास्त असेल तर टेकूवर झुकायला वेळच मिळत नाही आणि ती आल्या बाजूने फेकली जाते. वेगाचं बटण असेल तर कमीवर ठेवा. प्लेट कुठली लावलीय ते बघा, डिलन कंपनीच्या फीडरला लहान पिस्तूल, मोठं पिस्तूल, लहान रायफल, मोठी रायफल अशा वेगवेगळ्या प्लेटी येतात आणि नऊ एमएमला लहान पिस्तुलाचीच लागते, मोठीवर पण "चालतं" असं वाटतं पण खाचेत पुंगळी लोळते आणि मग असंच होतं. आणि भांडं काठोकाठ भरू नका, वरचा ढीग खाचेतल्या पुंगळीला दाबतो, प्लेट अडते, क्लच घसरतो. अर्ध्यापर्यंत भरा, संपलं की परत ओंजळभर टाका.

इथे माझा काजूचा अनुभव सांगतो कारण गोष्ट तीच आहे. आमच्या ऑटोमॅटिक कटिंग मशीनच्या हॉपरमधून बी येते ती वाकडी, मूत्रपिंडाच्या आकाराची, ती पात्याखाली आडवी गेली की गर तुटला आणि आख्ख्याचा तुकडा झाला, भाव लगेच खाली. वेंगुर्ला-४ जातीची बी साधारण साडेसात-पावणेआठ ग्रॅमची, वेंगुर्ला-७ ची दहा ग्रॅमच्या आसपास, आणि गावठी बी त्याहून बारीक. ही तिन्ही एकत्र ओतली तर कुठलाही फीडर नीट चालणार नाही, म्हणून आधी जाळीवर साइजप्रमाणे वेगळी करावी लागते. युनिटात येणाऱ्या काकी मशीन सुरू व्हायच्या आधी सुपात बी पसरून एक नजर टाकतात आणि बारीक बी बाजूला काढतात, त्या नजरेमुळे दिवसातली अर्धी अडकाअडकी वाचते.

तुमचंही सूप हवं. रेंजवरून गोळा केलेल्या पितळेत सगळं मिसळलेलं असतं. ह्यूस्टनला आम्ही .४० कॅलिबरच्या (नऊ एमएमपेक्षा जाड) पुंगळ्या चालवत होतो, फीडर दर शे-दीडशेला अडायचा, सलग तीन संध्याकाळी मी मायक्रोस्विचची (मोटर चालू-बंद करणारा छोटा स्विच) पत्ती वाकवून वाकवून हैराण झालो. चौथ्या दिवशी अडकलेली पुंगळी हातात घेतली तर नेहमीपेक्षा जड लागली. नीट निरखून बघितलं तर आत दुसरी पुंगळी, नऊ एमएमची, .४० च्या पोटात अशी चपखल बसलेली की वरवर बघताना नुसती जाड कड दिसत होती. टम्बलरमध्ये (पितळ पॉलिश करायचं फिरतं भांडं) फिरताना एकात एक शिरतात त्या. आता तुमच्या नऊ एमएममध्ये .३८० ची पुंगळी मिसळलेली असणार, ती १७ मिलिमीटरची, अजून बुटकी, डोळ्याला पटकन कळत नाही आणि उलटी पडण्यात ती नऊ एमएमच्याही पुढे. सगळ्या पुंगळ्या ट्रेमध्ये तोंड वर करून उभ्या करा, बुटकी लगेच दिसते, पोटात काही असलं तर तेही दिसतं. पॉलिशचा चुरा आत राहिला असेल तर तोही झटकून टाका.

तेलाचंही बघा. पुंगळ्यांना ल्यूब (तेल) लावून मग फीडरमध्ये टाकत असाल तर प्लेटवर आणि नळीत चिकट थर बसतो. आमच्याकडे काजूच्या टरफलाचं तेल अगदी असंच चुटवर (बी घसरत जाते त्या पन्हाळीवर) बसतं, दोन दिवस पुसलं नाही की बी घसरायचीच थांबते. कोरड्या फडक्याने पुसा, नळीतून फडक्याचा बोळा दोऱ्याने ओढा.

मायक्रोस्विच आता शेवटी. त्याचं काम एवढंच की नळी भरत आली की पुंगळ्यांच्या रांगेने पत्ती दाबली जावी आणि मोटर थांबावी, रांग खाली गेली की परत चालू. पत्ती नळीत कमी येत असेल तर मोटर थांबत नाही आणि वर पुंगळ्या एकमेकींवर चढतात, जास्त येत असेल तर एकेक पुंगळी जातानाच अडते. नळीत हाताने पुंगळ्या भरा, पत्ती टक्क वाजते ते कानाने ऐका, मग किंचित वाकवा. तुमची मोटर कधी थांबते कधी नाही, ते मला तरी वाटतं नळी हलत असल्यामुळे आहे, म्हणून पत्तीला हात लावायच्या आधी ओळंबा करा.

आणि एक गोष्ट मी अगदी मनापासून सांगतोय. पावडर घालून काम सुरू केल्यावर फीडर अडला तर हँडलला जोर लावायचा नाही. अडकलं की माणूस हँडल अर्धं खाली अर्धं वर करत बसतो आणि त्यात एखाद्या पुंगळीत पावडर दोनदा पडू शकते किंवा पडतच नाही. दोनदा पडली तर पिस्तूल हातात फुटू शकतं, नाही पडली तर गोळी पिस्तुलाच्या नळीत अडकते आणि मागची तिच्यावर जाऊन आदळते. म्हणून अडकलं की थांबा, शेलप्लेटवरच्या सगळ्या पुंगळ्या काढा, त्यांच्यातली पावडर परत काढून ओता, प्लेट रिकामी करून नव्याने सुरू. डोळ्यावर चष्मा पहिल्यापासून.

पहिल्या दोनशे पुंगळ्या पावडर-प्रायमरशिवाय नुसत्या फिरवा आणि किती उलट्या पडल्या, किती अर्ध्या शिरल्या ते वहीत लिहा. त्यानंतरही उलट्या पडत असतील तर फनेलचा (पुंगळी नळीत पडते ते तोंड) आणि टेकूचा बाजूने काढलेला फोटो इथे टाका, प्लेटीसकट, मी बघून सांगतो.