लेकीला बॅले शिकायचंय, पायात स्प्लिंट आहेत... हो म्हणू का?

"मॅडम, तिचं मन न दुखावता नाही कसं म्हणायचं तेवढं फक्त सांगा" असं म्हणत पालक येतात, कुणाच्या मुलाला पोहायचं असतं, कुणाला क्रिकेट, आणि इंदिरानगरहून आलेल्या या आईच्या लेकीला बॅले. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत.) मुलगी अकरा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम), दोन्ही पाय ताठ, स्प्लिंट आणि वॉकर घेऊन चालते. मोबाईलवर बघून बघून किचनच्या ओट्याला एका हाताने धरते आणि दुसरा हात गोल करून डोक्यावर नेते, तो व्हिडिओ आईने मला दाखवला आणि दाखवताना स्वतःच रडायला लागली.

भीती काय, तर क्लासवाले नाही म्हणतील, हो म्हणाले तर बाकीच्या मुली टकामका बघतील, गॅदरिंगला लोक च्च च्च करतील आणि पोर खचेल. शिवाय "आधीच चवड्यांवर चालते, बॅलेत तेच शिकवतात ना?"

ही शेवटची शंका एकदम रास्त होती आणि तिचं उत्तर माझ्याकडे नाही, फिजिओकडे आहे, म्हणून आधी तिकडे पाठवलं. फिजिओने स्पष्ट सांगितलं की मांड्या जबरदस्तीने बाहेर वळवायच्या नाहीत, चवड्यांवर उठणं सध्या नको, स्प्लिंट काढायचे नाहीत, पण हात, पाठ, मान, खुर्चीवर बसून तोल सांभाळणं हे सगळं खुशाल करा.

मग मी लेकीशी एकटीशी बोलले. आईने सासूबाईंना पटवायला "ही पण थेरपीच आहे" असं घरात सांगून ठेवलेलं, आणि पोरगी चिडून म्हणाली, "मला एक्सरसाइज नकोय, तो मी रोज करते, मला नाचायचंय." हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अपंग मुलाने चित्र काढलं तरी थेरपी, गाणं म्हटलं तरी थेरपी, अरे त्याला नुसती हौस असू शकत नाही का! कायद्यालाही ते कळतं, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये सांस्कृतिक जीवन आणि करमणूक याखाली नृत्य आणि कलेचे वर्ग आलेत, उपचार म्हणून नाही.

आईचा पुढचा प्रश्न, "पण पाय नाही उचलले तर ते बॅले राहतं का?" नर्तिका सुधा चंद्रन तिला माहीत होत्या, 1981 च्या अपघातात पाय गेला आणि जयपूर फूट हा कृत्रिम पाय लावून 1984 मध्ये परत स्टेजवर. पण त्यांनी इतरांसारखंच नाचून दाखवलं, आणि आई तिथेच अडकलेली, की माझी लेक तसं कधीच नाचणार नाही. म्हणून मी तिला सेलेस्ट डँडेकरबद्दल सांगितलं. लंडनची डान्सर, 1973 मध्ये स्टेजवरच पडून मणक्याला इजा झाली, आणि 1991 मध्ये तिने अ‍ॅडम बेंजामिनसोबत कँडोको ही कंपनी काढली जिथे अपंग आणि अपंग नसलेले डान्सर एकत्र नाचले, व्हीलचेअर न लपवता. तो कंटेम्पररी डान्स, बॅले नाही, हेही सांगितलं. पण ब्राझीलमध्ये साओ पावलोला 1995 पासून अंध मुलींना बॅलेच शिकवतात, टीचरच्या हातापायाला स्पर्श करून त्या पोझिशन समजून घेतात. म्हणजे बदलायची असते ती शिकवायची पद्धत. आणि बॅलेत नुसत्या हातांच्या हालचालींचा, पोर् द ब्राचा, वेगळा अभ्यास असतो, तो बसूनही करता येतो.

कॉलेज रोडकडच्या एका टीचरकडे गेलो तेव्हा आईला सांगितलेलं की "हिला घ्याल का" असं विनवायचं नाही, सरळ विचारायचं की हॉलला पायऱ्या किती, बार (आधाराचा आडवा दांडा) दोन्ही हातांनी धरायला जागा आहे का, पोझिशन दुरुस्त करताना तिला विचारून हात लावाल ना. टीचर खरं बोलल्या, म्हणाल्या मला असं शिकवायचा अनुभव नाही, पण शिकून घेईन. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांनाच प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या, स्वतःही बसल्या आणि अख्खा तास हातांचाच घेतला, त्यात आमची पोरगी शेजारणीला सांगत होती की तुझं कोपर खाली पडतंय! ओट्याजवळची प्रॅक्टिस, दुसरं काय.

गॅदरिंगच्या वेळी एका आयोजकाला तिला एकटीला पुढे आणून आधी भाषण करायचं होतं, "सगळ्यांच्या डोळ्यात पाणी येईल" म्हणे. मुलीला ते नको होतं, लाईनीत उभं राहायचं होतं, आणि यावेळी आईने तिच्यासाठी ठामपणे नाही म्हटलं. प्रेक्षकांत च्च च्च झालंच, आईने ऐकलंही, त्या रात्री मला फोन करून बराच वेळ बोलली.

ग्रेडची परीक्षा द्यायचं आता डोक्यात आहे. बॅलेच्या परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षेत अपंग विद्यार्थ्यांसाठी आधी अर्ज करून सोयी मागता येतात, तो अर्ज टीचर आणि आई मिळून भरताहेत. हॉलच्या वॉशरूमला मात्र अजून पायरी आहे, त्यासाठी मालकाच्या मागे लागलेत.