जुन्या साड्यांच्या पिशव्या करून ठाण्यात विकायच्या आहेत. माल फुकटातच मिळतो, तर किंमत किती लावावी आणि विकावं कुठे?

‘माल फुकटातच मिळतो’ हे आधी डोक्यातून काढून टाका, मग किमतीचं बोलू. आमच्या थोरल्या जाऊबाई वर्षानुवर्षं मला हेच ऐकवत आल्यात, म्हणून प्रश्न वाचून जरा झोंबलंच.

मी नौपाड्यात राहते, जुन्या साड्यांच्या पिशव्या आणि बटवे शिवते. एकदा दिवाळीच्या आधी जवळच्याच हॉलमधल्या प्रदर्शनात टेबल घेतलं होतं. त्यात एक इरकलीची शबनम होती. काठ बरोब्बर पट्ट्यावर आणलेला, आत पॉपलिनचं अस्तर, चेनचा खिसा. किंमत साडेतीनशे. एक बाई आल्या, पिशवी उलटी करून टीप पाहिली, चेन ओढून पाहिली आणि म्हणाल्या, “छान आहे हो, पण साडी जुनीच ना?” मी तोंड उघडायच्या आत मदतीला बसलेल्या जाऊबाईच म्हणाल्या, “शंभरला न्या, घरातलीच आहे. नाहीतरी बोहारणीलाच जायची होती.” गेली शबनम शंभरला! चारचौघांत काय बोलणार?

आता त्या ‘घरातल्याच’ साडीचा हिशेब ऐका. फॉल उसवायचा, साडी धुवायची, इस्त्री करायची आणि उजेडासमोर धरून बघायची. बसायच्या जागी कापड विरलेलं असतं, टाचेकडचा काठ घासलेला असतो. पदर आणि खोचलेला भाग तेवढा धड निघतो. साडेपाच मीटरमधलं निम्मं कामाचं निघालं तरी नशीब. रेशमी असेल तर वैताग आणखी वेगळा: कपाटात वर्षानुवर्षं एकाच घडीत पडलेली साडी घडीवरच चिरते, मग मागून बकरम, म्हणजे आधाराचं कडक कापड, चिकटवत बसा. अस्तर, चेन, दोरा, बकरम यांचेच सत्तर-ऐंशी रुपये होतात आणि मशीनवर बसेपर्यंत दुपार संपलेली असते. ताग्यातलं नवं कापड आणलं तर ही सगळी उस्तवार वाचते. म्हणजे जुन्याची पिशवी नव्यापेक्षा महागच पडते. जाऊबाईंना हे अजून पटलेलं नाही. सासूबाईंचा शालू कोणी एका पातेल्यावर घालवला, तेही मी कधी काढलेलं नाही. तुम्ही मात्र जुनी पैठणी किंवा शालू हाती आला तर कात्री लावायच्या आधी जरीचा काठ तपासून घ्या. जुन्या जरीत खरी चांदी असू शकते, जरीच्या साड्या विकत घेणारे उगाच दारोदार फिरत नाहीत.

किंमत म्हणाल तर सामानाचा खर्च धरा आणि वर मजुरी लावा. तुमच्या गल्लीतला टेलर अस्तराच्या ब्लाउजची जी शिलाई घेतो, त्याच्या खाली मोठ्या पिशवीची मजुरी आणू नका. गिऱ्हाईक दुकानातल्या दहा-वीस रुपयांच्या ‘कापडी’ पिशवीशी तुलना करणारच. 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर तसल्या पिशव्या जिकडेतिकडे दिसायला लागल्या. त्यातल्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, म्हणजे प्लास्टिकच. कोपरा पेटवला की वितळून गोळी होते, सुती कापडाची राख होते. एवढं सांगूनही घासाघीस चालूच राहिली तर पिशवी परत आत ठेवा.

प्रदर्शनांच्या नादी लागू नका, टेबलाचं भाडंसुद्धा सुटत नाही. (ठाण्याबाहेरचं मला माहीत नाही, तिकडे चालतही असेल.) संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं आणि वाणाला बटवे घाऊक जातात. डिसेंबर उजाडायच्या आत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाका. वाणाला भाव पाडून मागतात हे खरं, पण पिशवीतून उरलेले तुकडे बटव्यांना चालतात, त्यामुळे परवडतं. फक्त निम्मे पैसे आधी घ्या. हळदीकुंकू उरकल्यावर कोणी फोन उचलत नाही.